कलम तीन आणि बडग्याची पँट

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. हे मी दर चार वाक्यांनी सांगते असं आई म्हणते, म्हणून इथे एकदाच सांगून मोकळी होते. आजोबा हातमागावर बसले, बाबा हातमागावर बसले, आणि माग बंद पडल्यावर बाबा इतवारीतल्या एका कापड दुकानात थानं उलगडायला उभे राहिले. मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं, सेकंड क्लासमध्ये, आणि आता रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात पेशंटांच्या जुन्या फाइली सांभाळते. गल्लीत मला मॅडम म्हणतात. कुणाला अर्ज लिहायचा असो की कुणाचा दाखला हरवलेला असो, माणसं माझ्या दारात येतात आणि मी लिहून देते. याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

पण एकदा मी गल्लीसाठी अख्खा कायदा लिहिला होता. तो किती अंगलट आला, ते कुणीतरी सांगायला हवं. दुसरं कुणी सांगितलं तर वाढवून सांगेल, म्हणून मीच सांगते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे गावाची इडापिडा-रोगराई घेऊन जाणारी बाईची मोठी मूर्ती, आणि तिच्या मागे गल्लोगल्लीचे बडगे. बडग्या म्हणजे बांबू-कापडाचा दीड-दोन माणूस उंच पुतळा. त्या-त्या वर्षी लोकांना ज्याचा राग असेल त्याचं रूप त्याला द्यायचं, छातीवर पाटी लावायची, ढोल वाजवत मिरवायचं, पोटभर शिव्या घालायच्या आणि शेवटी जाळून टाकायचं. महागाई, डेंग्यू, रस्त्यावरचे खड्डे, सगळ्यांचा नंबर आमच्याकडे लागून गेला आहे.

आमची वरची गल्ली आणि नालीपलीकडची खालची गल्ली, दोन्ही मिळून दरवर्षी एकच बडग्या करत. सांगाडा खालच्या गल्लीतल्या काकांचा, कपडे आमच्या बाबांचे. काका बांबूचं काम करतात, सुपं, टोपल्या, शिड्या. बाबांची आणि त्यांची दोस्ती माझ्या वयापेक्षा मोठी. दोघांनी आयुष्यात कधी टेप वापरली नाही. काकांनी स्वतःच्या हाताच्या मापानं खाचा पाडलेली एक बांबूची काठी आहे, ती आमच्या घरी दाराच्या मागे असते. ही खाच खांद्याची, ही बाहीची, आणि मधली सर्वांत खोल खाच पोटाची. काकांच्या बडग्याला पोट असतंच. डेंग्यूलासुद्धा होतं. "पोट नसलं तं लोकाले राग कसा येईन गा?" असं ते म्हणत. काका बांबू वाकवत, बाबा काठी लावून कापड कापत, आणि कामभर दोघं एकमेकांना अशा शिव्या देत की नवीन माणसाला वाटावं, आता पोलीस बोलवावे लागणार.

मी कायदा लिहिला त्या वर्षी काकांचा शेवटचा बडग्या होता. त्यांचा मुलगा मौद्याच्या वीज प्रकल्पात नोकरीला लागला होता, त्याला क्वार्टर मिळालं होतं, आणि मारबतीच्या दुसऱ्याच दिवशी काका तिकडे राहायला जाणार होते. बाबांनी त्या वर्षीचं कापड महिनाभर आधीच धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलं होतं.

आणि त्याच वर्षी टीव्हीवर उठता-बसता एकच बातमी. कुठल्याशा मोठ्या देशाच्या संसदेत त्याच्या हाडवैरी देशावर निर्बंध घालणारा कायदा येत होता. त्यांचा माल घ्यायचा नाही, त्यांना यंत्रं विकायची नाहीत, त्यांच्याशी कुणी व्यवहार केला तर त्यालाही बघून घेऊ. खाली लाल पट्टीवर सारखा प्रश्न फिरायचा, युद्ध होणार का?

बडग्याची बैठक मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसली आणि पहिल्या पाच मिनिटांत फाटली. आमच्या गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष, त्यांचं ग्रिल-वेल्डिंगचं दुकान आहे, म्हणाले, "जो देश दादागिरी करून राहिला त्याले बडग्या करू. पाटीवर लिहू, युद्धखोर."

खालच्या गल्लीचा पुढारी म्हणजे चक्कीवाला. दोन्ही गल्ल्यांचं दळण त्याच्याकडे. तो म्हणाला, "नाई. बडग्या त्या कायद्याचा करा. कोणाचं खाणं-पिणं बंद केलं तं तो काय टाळ्या वाजवते? माणूस चिडते. आज कायदा, उद्या बॉम्ब."

"अबे, कायदा बिचारा काय करते? कागद आहे तो."

"घरावर जप्ती येते तेही कागदच असते ना गा!"

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, मॅडमले विचारा. मी उभी राहिले. खरं तर बसून सांगता आलं असतं. "निर्बंध हा युद्धाला पर्याय असतो," मी म्हणाले. "शस्त्र न उचलता शत्रूला वठणीवर आणण्याचा तो कायदेशीर मार्ग आहे."

"हे कोणी सांगतलं?" चक्कीवाल्यानं विचारलं.

"परीक्षेत येतं हे."

"म्हणजे युद्ध होत नाई?"

"होत नाही," मी म्हणाले. हॉस्पिटलात डॉक्टर ज्या आवाजात घाबरू नका म्हणतात, त्या आवाजात.

काका ओट्याच्या कडेला बसून बांबू सोलत होते. मान वर न करता ते म्हणाले, "पोरी, अन् तो जो दुसरा देश आहे, त्याले सांगतलं का कोणी, का बाबू, हे युद्ध नोहे, हा पर्याय आहे?"

ओटा हसला. बाबासुद्धा हसले. हा प्रश्न सिलॅबसमध्ये नव्हता. मला तो लागला, हे मी इथे कबूल करते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. बैठक मोडली. खालच्या गल्लीनं जाहीर केलं, आमचा बडग्या आम्ही वेगळा करतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच अध्यक्ष आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मॅडम, आपणही लावू निर्बंध. खालच्या गल्लीवर. दोन दिवसांत हात जोडत येते. तुम्ही फक्त लिहून द्या, पक्कं."

मी पक्कं लिहिलं. कलम एक, वरच्या गल्लीतील कोणत्याही कुटुंबाने खालच्या गल्लीतील चक्कीवर दळण नेऊ नये. कलम दोन, मंडळाची शिडी, ताडपत्री व महाप्रसाद शिजवण्याचा मोठा गंज खालच्या गल्लीस देऊ नये. कलम तीन, बडग्याच्या कामासाठी माणूस, माल अथवा अवजार यांची दोन्ही गल्ल्यांत कोणत्याही प्रकारे देवाणघेवाण करू नये. खाली अध्यक्षांची सही. पावसाचे दिवस म्हणून एक प्रत देवळाशेजारी लावायला आणि एक माझ्याजवळ, अशा दोन्ही लॅमिनेट करून आणल्या. कलम तीन लिहिताना मला वाटलं होतं, आता कुठूनही पळवाट उरली नाही.

खरंच उरली नव्हती. पहिला सापडला माझा बाप.

बाबांनी ओळीवर बोट ठेवून ठराव वाचला. कलम तीनवर बोट थांबलं. "म्हणजे तो इकडं येणार नाई?"

"त्यांनी माघार घेतली की येतील."

"अन् नाई घेतली तं?"

"घेतील, बाबा. असं होतच असतं. दबाव वाढला की माघार घेतात."

बाबांनी ठराव मला परत दिला, हात पुसून. "मारबतीले तेरा दिवस आहे. चौदाव्या दिवशी तो मौद्याले जाते," एवढंच म्हणाले आणि कापडाच्या घडीवरची धूळ झटकायला लागले. धूळ नव्हतीच.

खालच्या गल्लीनं माघार घेतली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी, आम्ही हमरस्त्याकडे जायचो त्या बोळात एक मोडका हातठेला आडवा लावला. बोळ त्यांच्या हद्दीत. आता आमच्या गल्लीतल्या सगळ्या स्कूटी नालीच्या कडेनं, चिखलातून, लांबचा वळसा घेऊन जायला लागल्या. मी ऑफिसला रोज चिखलानं रंगलेली सलवार घेऊन पोहोचायचे. आमच्या लोकांनी उत्तर म्हणून कलम चार जोडलं, खालच्या गल्लीतल्या कुणाच्या वाढदिवसाचा केक खाऊ नये. हे कलम माझं नाही. त्याची भाषाही माझी नाही.

पण सगळ्यांत मोठा तडाखा बसला तो कलम एकचा, आणि तो आमच्यावरच बसला. चक्की एकच. दुसरी रेल्वे फाटकापलीकडे, आणि ती जाडंभरडं दळते. पोळा तोंडावर, घरोघरी पुरणपोळ्या व्हायच्या. आई गव्हाचा डबा स्कूटीच्या पायाशी ठेवून एकदा फाटकापलीकडे गेली आणि परत आली ती कंबर धरून.

"वं बाई, तुह्या कायद्यानं त्या चक्कीवाल्याचं काय वाकडं झालं ते मले माहीत नाई," ती म्हणाली, "पण माही कंबर तं मोडली. हे पीठ पाह्य. याची पुरणपोळी नाई, भिंत होते."

"आई, थोडा त्रास आपल्यालाही होतो. सगळीकडे होतो."

"मंग ज्यानं कायदा केला त्यानंच दळण आणावं, असं एक कलम टाक ना."

दोन दिवसांनी घरात वेगळंच पीठ दिसलं. मऊ, बारीक, डबा अजून कोमट.

"आई, हे पीठ कुठलं?"

"गव्हाचं."

मी पाळत ठेवली. गल्लीच्या कोपऱ्यावर एक आत्याबाई राहतात, सगळ्यांच्याच आत्या. त्यांच्या घराला दोन दारं, एक आमच्याकडे, एक खालच्या गल्लीकडे. आमच्या बायका गहू घेऊन गप्पा मारायला आत जात, आणि रिकाम्या हातानं बाहेर येत. दुपारनंतर पुन्हा गप्पा मारायला जात, आणि डबा घेऊन बाहेर येत. आत्याबाई दर डब्यामागे एक वाटी पीठ काढून घ्यायच्या. मी विचारलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मी कोणत्याच गल्लीत नाई वं. मी मधात आहे." पुढे टीव्हीवर जेव्हा जेव्हा ऐकलं की अमुक देशाचं तेल तमुक देशामार्गे जातंय, तेव्हा मला आत्याबाईंची ती वाटी आठवते. तमुक देशाचीही कुठेतरी असेलच.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. पण मग दोन्ही गल्ल्यांतली तरणी माणसं "मारबतीच्या दिवशी पाहून घेऊ" म्हणायला लागली. ढोलाच्या टिपऱ्या नेहमीपेक्षा जाड निवडल्या जाऊ लागल्या. चक्कीवाला आणि अध्यक्ष, शाळेत एका बाकावर बसलेले, रस्त्यात समोरासमोर आले की खाकरायचे. मी घाबरले. कपाटावरून कॉलेजच्या नोट्स काढल्या. निर्बंधांचं पान सापडलं. माझंच वळणदार अक्षर, "निर्बंध हा युद्धाला पर्याय असतो," खाली लाल रेघ. पान उलटलं. मागच्या बाजूला पहिलाच शब्द होता, "परंतु". परंतु निर्बंधांमुळे वैर वाढून, माघार घेणे दोन्ही बाजूंस अपमानास्पद वाटून, संघर्ष पेटण्याचा धोका संभवतो. शेजारी मीच लिहून ठेवलं होतं, दहा मार्कांना आला तरच. परीक्षेत प्रश्न पाच मार्कांना आला होता. मी पाच मार्कांचं उत्तर पाठ केलं आणि त्यावर दोन गल्ल्या चालवल्या.

मी अध्यक्षांकडे गेले. ते वेल्डिंग करत होते. "ठराव मागे घेऊ या," मी म्हणाले.

त्यांनी काळा चष्मा वर केला. "मॅडम, लावला त्याच दिवशी मागं घेता आला असता. आता घेतला तं आपण भ्यालो असं होते."

"पण तुम्हालाही बोळातून जाता येत नाही ना?"

"नाई जाता येत. कालच गाडी नालीत गेली." चष्मा खाली आला. "पण आता मागं घेता येत नाई."

ते वेल्डिंग करत होते तो बडग्याचा सांगाडा होता. काका नाहीत, म्हणून लोखंडी. दोन पाइप पायांचे, एक मधला, वर आडवा खांद्याचा. बाबांनी तो पाहिला तेव्हा एकच शंका काढली होती, "लोखंड जळते का?" अध्यक्ष म्हणाले, "कपडा जळीन ना." घरी येऊन बाबांनी दाराच्या मागची काठी घेतली आणि एकटेच कापायला बसले. शिव्या द्यायला समोर कुणी नव्हतं, म्हणून फक्त कात्रीचा आवाज. मध्ये एकदा ते खालच्या गल्लीकडे तोंड करून बराच वेळ थांबले. तिकडून बांबू फाटल्याचा आवाज येत होता. मी माझ्या खोलीत जाऊन बसले.

मारबतीच्या दिवशी सकाळी आमचा बडग्या निघाला. काळा कोट, खाकी पँट, छातीवर "युद्धखोर". चौकापर्यंत ठीक होतं. चौकात खालची गल्ली समोरून आली. त्यांच्या बडग्याइतका सुंदर सांगाडा काकांनी कधी केला नव्हता. रुंद खांदे, वाकलेली मान, आणि पोट तर असं की गावजेवण जेवून आला आहे. फक्त कपडे करणारं कुणी नव्हतं, म्हणून त्याला जुनं फ्लेक्स गुंडाळलं होतं. छातीवर "निर्बंध" आणि पाठीवर कुणाला तरी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

मिरवणुकीत आधी कोण शिरणार यावरून दोन्ही ढोल थांबले. अध्यक्ष पुढे झाले. चक्कीवाला पुढे झाला.

"ठेला काढ आधी."

"ठराव काढ आधी."

छातीला छाती लागली. मागची माणसं पुढे सरकली. जाड टिपऱ्या खाली आलेल्या हातांत घट्ट झालेल्या मला दिसल्या. माझ्या पर्समध्ये लॅमिनेट केलेला ठराव होता. वेळ पडली तर वाचून दाखवू म्हणून आणला होता. वेळ पडली होती आणि तो वाचल्यानं काय होईल ते मला पान उलटल्यापासून माहीत होतं.

तेवढ्यात आमच्या बडग्याची पँट घसरली.

आधी कमरेवरची टाचणी सुटली, मग दुसरी, आणि मग ती भलीमोठी खाकी पँट दोन पाइपांवरून खाली आली आणि घोट्याशी गोळा झाली. बाबांनी ती काठीच्या खाचेनं कापली होती, काकांच्या बडग्याच्या पोटाच्या मापाची. लोखंडाला पोट नव्हतं. युद्धखोर कोट घालून, खाली दोन गंजके पाइप घेऊन भर चौकात उभा होता.

मग खालच्या गल्लीच्या बाजूनं एक हसू फुटलं, खोकल्यासारखं. काका. "अबे बैताडा," तेरा दिवसांनी ते बाबांशी पहिल्यांदा बोलले, "पोट कुठं गेलं त्याचं?"

"पोट तुह्याजवळ आहे अन् कपडा माह्याजवळ!" बाबा ओरडले. "तुह्या बडग्याले लोकाच्या वाढदिवसाचं फडकं गुंडाळलं, लाज नाई वाटत? आण इकडं!"

"तू आण! माहे गुडघे दुखून राहिले!"

"दुखणारच, बसून बसून चरबी चढली!"

मागच्या पोरांना वाटलं, म्हातारेच भिडले. एकानं बाही वर केली. पण दोन्ही गल्ल्यांतल्या जुन्या माणसांना तो आवाज ओळखीचा होता. बडग्याचं काम सुरू झालं होतं. बाबा पँट काढून हातावर घेऊन निघालेसुद्धा. दोन्ही गटांच्या मध्ये आले तेव्हा अध्यक्ष माझ्याकडे वळले, आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम... कलम तीन?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबाही थांबले. त्यांनीही माझ्याकडे बघितलं, परवानगी मागावी तसं. माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त लाज वाटली असेल तर त्या क्षणी.

मी पर्समधून ठराव काढला आणि फाडायला लागले. फाटेना. दोन्ही हातांनी जोर लावला. वाकला, पण फाटेना.

"चांगलं लॅमिनेशन आहे," चक्कीवाला म्हणाला.

मग मी तो ओल्या रस्त्यावर, काकांच्या बडग्याच्या पायाशी अंथरला. "काका, गुडघे यावर टेका. खाली चिखल आहे."

काका बसले, तीनही कलमांवर. बाबांनी पँट वर चढवली, काकांनी बांबूच्या कमरेला ती ओवून घेतली. बोटभर जास्त नाही, बोटभर कमी नाही. अध्यक्षांनी स्वतः कोट उतरवून आणला. राहिला प्रश्न पाटीचा. त्यावर पुन्हा आवाज चढायला लागले तेव्हा बाबांनीच एक पाटी छातीवर बांधली आणि एक पाठीवर. आता बडग्या चालायला लागला की पुढून युद्धखोर दिसायचा आणि मागून निर्बंध.

"मॅडम," चक्कीवाला चालता चालता म्हणाला, "आता खरं सांगा. यातलं कोण कोणाले आणते?"

"मले नाई माहीत," मी म्हणाले. गल्लीत मॅडम झाल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदा बोलत होते, आणि तेही आमच्या भाषेत. "घेऊन जा गे मारबत" म्हणून पुढचे ओरडले, मीही ओरडले.

दुसऱ्या दिवशी काका मौद्याला गेले. बाबा त्यांना टेम्पोपर्यंत पोहोचवून आले. काठी त्यांनी मागितली नाही, बाबांनी दिली नाही. ठेला निघाला. देवळाशेजारचा ठराव मात्र काही दिवस तसाच होता, तो रद्द करायला बैठक बोलवावी लागेल आणि बैठकीत पुन्हा भांडण होईल, म्हणून कुणी बोलवली नाही. चक्की उघडी असली तरी आई अजून आत्याबाईंकडूनच दळण पाठवते. सवय लागली, म्हणते. आत्याबाईही वाटी सोडत नाहीत.

लोखंडी सांगाडा जाळता येत नव्हता, म्हणून तो परत आला. अध्यक्षांनी तो दुकानाबाहेर रोवला आणि त्यावर दोडक्याचा वेल चढवला. वेल खांद्यापर्यंत पोहोचला, पण मध्ये काही नसल्यामुळे पोटाच्या जागी मोकळाच लोंबतो. बाबा कामावरून येताना तिथे थांबतात, त्या मोकळ्या जागेकडे बघतात, खिशातून फोन काढतात आणि मौद्याला लावतात. पलीकडून उचलला की पहिला शब्द शिवीचा असतो.